बिनकटकटीचा मासा

प्रिय खिडकीवाली,

हॉस्टेलात राहणाऱ्या आपणा सगळ्यांचं एक जुनं दुखणं आहे. खोलीत इस्त्री नको, शेगडी नको, मांजर नको, पाहुणी नको. चालेल काय, तर मुकाट राहणारं काहीही. या नियमाच्या फटीतूनच आपण मासा आणला. दुकानात तुझा जीव जडला होता सोनेरी माशांच्या जोडीवर. दुकानदार म्हणाला, "ताई, हे वाढतात, घाण करतात, यांना मोठी टाकी लागते. तुम्ही फायटर मासा न्या. एकटा राहतो, बरणीतही जगतो. अगदी बिनकटकटीचा." तू लगेच मान डोलावलीस आणि सोनेरी जोडीकडे पुन्हा पाहिलंही नाहीस. आरशात स्वतःलाच बघून तो कल्ले फुगवायचा, म्हणून तू त्याला अध्यक्ष म्हणायला लागलीस. इतक्या वक्तृत्व स्पर्धा गाजवल्या मी, पण वेळ संपल्याची घंटा न वाजवणारा अध्यक्ष मला हा एकच भेटला.

तुझ्या आबांच्या खुब्याचं ऑपरेशन म्हणून तू घरी गेलीस आणि इकडे थंडी पडली. अध्यक्ष तळाशी जाऊन बसले. पर मिटलेले, दाणे वर तसेच तरंगत. मी पाणी बदललं, समजूत घातली, शेवटी रागावले. ढिम्म. मग वरच्या मजल्यावरच्या प्राणिशास्त्रवालीला ओढून आणलं. बरणीत बोट बुडवून ती म्हणाली, "बर्फ आहे नुसता. अगं, हा वर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून एवढ्याशा पाण्यात मरत नाही. आणि मरत नाही म्हणून लोकांना वाटतं, मजेत आहे."

हे वाक्य मला झोंबलं. आता त्याच्याकडे झाकणाची टाकी आहे, छोटा फिल्टर आहे, पाणी कोमट ठेवणारा हीटर आहे. नियमावलीत शेगडी लिहिली आहे, माशाचा हीटर नाही, हा मुद्दा मी रेक्टरबाईंच्या गळी उतरवला. त्या म्हणाल्या, "तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा मीच मासा पाळते." दर आठवड्याला थोडंसंच पाणी बदलते, नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून. काम फार नाही, पण आहे. गडी आता पानांमागे गस्त घालतो आणि सकाळपासून पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतोय.

हे सगळं तुला कळवणार, एवढ्यात तुझा निरोप आला: माझी कॉट दुसरीला दे, मासा तू ठेव. मी फोन केला तर तुझ्या आत्याने उचलला. आबा वॉकर घेऊन अंगणात फिरतात म्हणाल्या. मग हिने शेवटचं वर्ष का सोडायचं, असं मी विचारलं. "अगं, हिच्या दादाला त्याची कामं असतात. हिला विचारलं, तर लगेच हो म्हणाली. आमची पोर पहिल्यापासून बिनकटकटीची." भर सभेत कुणाचंही तोंड बंद करणारी मी. पण फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

दादा पलीकडच्या गल्लीत राहतो, हे तूच सांगितलं होतंस. त्याला कुणी विचारलं का? तूही नाही विचारलंस. तू रागावली नाहीस, रडली नाहीस, म्हणून घरच्यांनी ठरवून टाकलं की तुला चालतं. ते दुष्ट नाहीत गं. त्यांना तुझ्याकडून नकार ऐकायची सवयच नाही. आबांवरची तुझी माया मी जाणते. पण त्यांना आधार देऊ शकणारे हात दोघांचे आहेत आणि शिक्षण फक्त तुझंच बुडतंय.

शुक्रवारपर्यंत तुझी जागा राखून ठेवायचा शब्द रेक्टरबाईंनी दिला आहे. तुझ्या वतीने मी आत्याशी, दादाशी, साऱ्या गावाशी भांडू शकते, आणि मला ते आवडेलही. पण मी भांडले तर ते म्हणतील, मैत्रिणीने भरवलं. तेव्हा एवढ्यासाठीच हे पत्र: हे वाचल्यावर दादा आबांना भेटायला आला की त्याला समोर बसव आणि सांग, "मला परत जायचंय. आबांजवळ आता तू राहा." एवढंच बोल, आणि त्या वाक्यापुढे "तुला जमत असेल तर" हे जोडू नकोस.

तुझीच,
दाराजवळच्या कॉटवरची