सेंटर फील्डच्या चुका

अण्णा, तुमची ती लाल-निळी पेन्सिल अजून माझ्याकडे आहे. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, मला जर्मनीत येऊन अठरा. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे ऑफिसात होते आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं नाही. कराडला येऊन तेरा दिवस राहिले. मुलगी मनाने घट्ट आहे, असं लोक म्हणत होते. घट्ट कसली! आता आपल्याला कुणी "आज किती?" असं विचारणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो प्रश्न आता इथे, माझ्या घरात कोण विचारतं, ते सांगायला हे लिहिते आहे.

आठवीचा वर्ग आठवतो? शाळेत तुम्ही सर, घरी अण्णा, आणि मी सरांची मुलगी आहे हे वर्गात कुणी विसरू नये याची काळजी तुम्ही स्वतः घ्यायचात. चाचणीचे पेपर वाटताना माझा सगळ्यात शेवटी. मला फळ्याजवळ उभं करायचं, पेपर उंच धरायचा आणि म्हणायचं, "मोजा रे हिच्या चुका." मग सगळा वर्ग एका सुरात मोजतो. एक, दोन, तीन. तुमच्या पेन्सिलीचं लाल टोक एकेका गणितावर टेकत जातं. पाचनंतर पोरं हसायला लागतात आणि तुम्ही त्यांना थांबवत नाही. मी खाली बघत उभी आहे, माझ्या चपलेचा अंगठा उसवलेला आहे, ते मला आज इथे बसूनही दिसतं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असायची. पहिली भाकरी ताटात पडायच्या आत तुमचं सुरू, "आज किती?" आई म्हणायची, "अहो, जेवताना तरी नको." तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणायचात, "मी तिला विचारतोय." मी घास गिळून आकडा सांगायचे.

त्या दिवाळीनंतर मला एक शोध लागला. तुम्ही चुका मोजायचात, सोडून दिलेली गणितं मोजायचा नाहीत. जिथे उत्तरच नाही तिथे लाल टोक टेकायला जागा नसते. मग जी गणितं डोळे मिटून येतात तेवढीच मी करायला लागले. अवघड दिसलं की कोरं. मार्क साठावर आले आणि चुका शून्यावर. तुम्ही मला पुन्हा फळ्याजवळ उभं केलंत, पण या वेळी म्हणालात, "हिच्याकडे बघा. येत नाही त्याला हात लावत नाही. याला म्हणतात शिस्त." आणि सगळ्यांसमोर ती पेन्सिल मला दिलीत. लाल टोक झिजून बोटभर उरलेलं, निळं जवळजवळ नवं. आठवडाभर मी ती मुठीत घेऊन फिरत होते. तुम्ही माझं काय करून ठेवलंत हे तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तुम्ही नव्हता. एका अर्थी स्वस्तात सुटलात.

इथे ऑफिसात अठरा वर्षांत माझ्या ड्रॉइंगवर एकही तक्रार आलेली नाही. साहेब दरवर्षी "फेलरफ्राय", म्हणजे निर्दोष, असं म्हणून पाठ थोपटतो आणि नवं काम दुसऱ्याला देतो. एकदा मला आख्खा विभाग सांभाळायला देत होते. मी नको म्हटलं. तुम्हाला अभिमान वाटला असता.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. बेसबॉल खेळते. क्रिकेटचा लांबचा भाऊ समजा. आमच्या गावच्या क्लबात मुलामुलींचा एकच संघ आहे आणि ती सेंटर फील्डला असते, म्हणजे मागच्या मोठ्या हिरवळीच्या मधोमध. सामन्याला क्लबने आपला स्कोरर द्यावाच लागतो. ट्रेनर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इंडियाच्या, म्हणजे क्रिकेट, म्हणजे तुम्हाला हे जमणार." मला ते जमलंही. प्रत्येक जागेला नंबर असतो, सेंटर फील्डचा आठ. तिच्या हातून चूक झाली की कागदावर लिहायचं ई-आठ, ई म्हणजे एरर. ते मी तुमच्या पेन्सिलीच्या लाल टोकाने लिहिते.

शेजारी लेफ्ट फील्डला एक शांत मुलगा आहे. बॉल थेट अंगावर आला तर पकडतो, दोन पावलं लांब पडला तर बघत राहतो. माझी मुलगी बॅटचा आवाज आला की सुटते. त्याच्या हद्दीतले बॉलसुद्धा हिचेच. जिवाच्या आकांताने धावते, अंग झोकून देते, बॉल ग्लोव्हच्या टोकाला लागतो आणि निसटतो. मी लिहिते, ई-आठ. आपली मुलगी म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको. क्लबहाउसच्या बोर्डावर प्रत्येकाची टक्केवारी लागते. हाताला लागलेल्या बॉलांपैकी किती सांभाळले, एवढंच तिच्यात असतं. ज्या बॉलकडे खेळाडू गेलाच नाही, तो तिच्यात येतच नाही. म्हणून तो मुलगा सगळ्यात वर आणि माझी मुलगी सगळ्यात खाली. पोरं तिला ई-आठ म्हणून हाक मारायला लागली. आणि घरी परतताना गाडीत मी विचारायचे, "आज किती?" ती मराठी समजते, उत्तर जर्मनमधून देते. "द्राय." तीन. मग मी पुढे काही बोलायचे नाही. न बोलण्याने किती लागतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले होते.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तिने सांगितलं, "नुल." शून्य. मी म्हटलं, "शाब्बास!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "वेन इश निश्ट हिनलाउफे, इस्ट एस काइन फेलर." मी धावलेच नाही, तर चूक होत नाही. त्या दिवशी मी तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, अण्णा.

पुढच्या सामन्याला समोरच्या क्लबची स्कोरर माझ्या शेजारी बसली. सत्तरीच्या बाई, कॉफीचा थर्मास घेऊन आलेल्या. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांनी माझ्या वहीची मागची पानं चाळली आणि त्या लाल अक्षरांवर थांबल्या. "इतक्या लांबचा बॉल, आणि एरर? नाही, नाही." साध्या खेळाडूने साध्या प्रयत्नात जो पकडला असता तो सुटला तरच चूक, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. इतकं धावून नुसता हात लागला तर ती चूक नव्हे, फटका मारणाऱ्याचं श्रेय. "या बॉलपर्यंत दुसरं कुणी पोहोचलंच नसतं. हे कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "आधीचा कुणीतरी स्कोरर होता." त्या हसल्या. "मग ही आठ नंबर कोण ते मला दाखवा. तिला धावताना बघायचंय."

तिसऱ्या डावात सेंटर आणि लेफ्टच्या मधे उंच बॉल गेला. माझी मुलगी जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून बॉल पडताना बघत राहिली, मग सावकाश चालत जाऊन तिने तो उचलला. बाई म्हणाल्या, "ही तर धावतच नाही." मी वहीत काहीच लाल लिहिलं नाही. नियमाप्रमाणे ती चूक नव्हतीच.

जुन्या नोंदी बदलता येतात. लीगचा एक फॉर्म असतो, तो मी त्याच आठवड्यात भरला. सामन्यांच्या तारखा, डाव, खेळाडू नंबर आठ, सगळं नीट लिहिलंय. शेवटी कारणाचा एक रकाना आहे. तिथे 'स्कोररची चूक' एवढे दोनच शब्द लिहायचे आणि खाली सही करायची. मुलीलाही एवढंच सांगायचं आहे, की चुका तुझ्या नव्हत्या, माझ्या होत्या. परवा पुन्हा सामना आहे. त्याआधी सांगितलं तर कदाचित धावेल.

फॉर्म तुमच्या पेन्सिलीशेजारी टेबलावर पडून आहे, त्याला तीन आठवडे झाले. तो रकाना मी कोरा ठेवलाय.