वैरागचा श्रोता

१२ जानेवारी, सोमवार
ऑनलाइन रेडिओ फुकटात चालतो, असं लोकांना वाटतं. माझ्या दोन तासांच्या ‘गप्पां’चा खरा खर्च : चार चहा, घसा, गार पडलेलं जेवण आणि बायकोचा, वैजयंतीचा, अबोला.
जाहिरातदार एकच, चादरवाले शिवप्पाशेठ. त्यांना महिनाअखेर श्रोत्यांचा रिपोर्ट हवाय. आवडला नाही तर जाहिरात बंद. म्हणजे रेडिओ बंद, आणि मी परत लग्नाच्या मांडवात स्पीकर बांधायला.
चिंता नाही. हयात मांडवात गेली. माणसं ऐकतायत की नुसती बसलीत, मला डोळे मिटून कळतं.

१३ जानेवारी
रिपोर्ट पाहिला. एका वेळी अकरा श्रोते. मशीनला काय कळतंय? एका फोनभोवती अख्खं घर बसतं. गुणिले पाच केले.
वैजयंतीने विचारलं, आपल्या घरातले पण पाच धरले का? विषय बदलला.

१७ जानेवारी
सापडला. रिपोर्टात वैराग गावचा एक श्रोता, रोज रात्री आठ ते सकाळी सहा. माझ्या गप्पा रात्रभर परत परत लागतात, त्या सलग ऐकतो. निवृत्त मास्तर असणार. असा श्रोता जन्मभराचा.
शिवप्पाशेठना दाखवलं. खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, सत्कारच करू की ह्यांचा. चादर माझी.

२२ जानेवारी
पाच दिवस रेडिओवर आवाहन केलं, फोन नाही. खरा दर्दी पुढे पुढे करत नाही.
संध्याकाळी अंकिता नावाच्या मुलीचा फोन. तिच्या आजीचा, बजाबाईंचा फोन आहे तो. स्पीकर चार्जिंगला काढताना आवाहन कानावर पडलं म्हणे. स्पीकर लावून ऐकतात! सत्कार म्हटल्यावर पोरगी बराच वेळ हसली. आनंद.

२५ जानेवारी, रविवार
मी, शिवप्पाशेठ, चादर, नारळ. बजाबाई रानात. ज्वारी हुरड्यात आलेली. बांधावरच्या लिंबाला जुना मोबाइल आणि स्पीकर टांगलेला.
बजाबाई म्हणाल्या, रानडुकरांसाठी हाय ते. आदी गाणी लावली, तर निवांत चरायची की. ह्ये बोलाया लागले आन् डुकरं बांधावरनंच माघारी.
शेठनी विचारलं, तुम्ही ऐकता का?
न्हाय बा, म्हणाल्या. मी घरी झोपते. लई लांब हाय, बरं हाय.
शेठनी चादर त्यांनाच पांघरली. नारळ माझ्या हातात राहिला. परतताना मी म्हटलं, परिणाम तर होतोय ना. शेठनी गाडीतली गाणी मोठी केली.

३१ जानेवारी
जाहिरात बंद. वैजयंतीला सांगितलं, वैराग आहे तोवर रेडिओ चालणार. एकच श्रोता, पण पक्का. तिने मांडववाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

१७ फेब्रुवारी, रात्री साडेआठ
वैरागचा श्रोता आला नाही. अंकिताला फोन केला. ज्वारी काढली, म्हणाली.