आंद्रिसचा गुडघा

राजूर, गुरुवार, संध्याकाळी सात

परवा फुटबॉलची निवड चाचणी आहे आणि मी सारिकाचं नाव यादीतून काढून आलेय.

माझ्या संघातली सगळ्यांत चांगली फॉरवर्ड ती, पण गुडघा चार दिवस सुजलेला. आज मैदानावर तिचे वडील म्हणाले, "मॅडम, डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार हायेत. एका दिवसाचा तर प्रश्न हाय." मी जवळजवळ हो म्हणाले होते.

आमच्या शिबिरात मुलींना शिकवायला आलेला आंद्रिस शेजारीच होता. लात्व्हियाचा निवृत्त स्ट्रायकर. वय जेमतेम चाळीस, पण मैदानाच्या चार पायऱ्या कठडा धरून, अंग तिरकं करून उतरतो. मी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मीही इंजेक्शन घेऊन खेळलो. दोन गोल केले. तो माझा शेवटचा सामना." मग तिच्या वडिलांना दिसावं म्हणून तो मुद्दाम त्या पायऱ्या पुन्हा उतरला. कठडा धरून. त्याचं बोलणं मी वडिलांना मराठीत सांगितलं.

मी नाव काढलं. सारिका ओरडली, "तुमीच म्हनला हुता, आशी संधी परत यायची न्हाई!" म्हटलं होतं मी. येईल का परत? कुणास ठाऊक.

आत्ताच वडिलांचा फोन आला. "पोरगी जेवली न्हाई, मॅडम. उद्या तिला संगमनेरला हाडाच्या डॉक्टरकडं नेतोय. तुमी येता का संगं? ती तुमच्याशी बोलायची न्हाई. पन या."

येते म्हणाले.