दगडाची बैठक

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

सापडला! वाळवंटात दुखानच्या रस्त्याला, शहजादने चाकांत हवा भरायला गाडी थांबवली तेव्हा. वीतभर लांब, करडा, एका बाजूने वाऱ्याने खाल्लेला. दोन शिखरं, मध्ये खिंड. उचलला तर हात भाजला.

शहजाद गाडीतून ओरडला, "यल्ला, चला फजलभाई! लोक इथून सोनं नेतात, तुम्ही दगड गोळा करा!"

शहजाद महाडचा. माझ्याच खोलीत राहतो, मनाचा चांगला. त्याला काय समजावणार? मलाही आधी हसूच यायचं. आमचा इंजिनिअर मोरितासान रास लफानच्या ऑफिसात टेबलावर काळा दगड ठेवून जेवणाच्या सुट्टीत नुसता बघत बसायचा. जपानमध्ये याला सुइसेकी म्हणतात, त्यानेच सांगितलं. दगड कापायचा नाही, घासून चमकवायचा नाही. डोंगर, बेट, झोपडी—जे दिसेल ते बघायचं. आपण फक्त त्याला बसायला लाकडाची बैठक कोरायची.

तो जपानला परतला त्याला पाच वर्षं झाली. अल मुंतझाच्या या खोलीत खिडकीवर आता माझे अकरा दगड. हा बारावा.

७ एप्रिल, सोमवार

बैठकीला सुरुवात. खोक्याचं लाकूड, पटाशी. दगडाचा तळ इतका वाकडा की जरा जास्त कोरलं तर डुगडुगतो. संध्याकाळ कुठे गेली कळलं नाही.

मोरितासानला फोटो पाठवला.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्तर नाही.

नमाजानंतर सगळे बिर्याणी खायला गेले. मी नाही गेलो. दगडावर पाणी मारलं. ओला झाला की काळा होतो, मग शिखरापासून हळूहळू वाळत खाली येतो. पूर्ण वाळेपर्यंत बघितला. दिवसभरात कुणाशी एक शब्द बोललो नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१३ एप्रिल, रविवार

साठ पूर्ण. काँट्रॅक्ट ३१ मेला संपतं. ऑफिसात जो तो हात मिळवतो. "मुबारक, फजलभाई! आता घरी आराम!" मी हसतो.

इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. मी फेब्रुवारीतच एक वर्ष वाढवून मागितलंय. हुस्नाला म्हणालो, "कंपनी सोडेलसं वाटत नाही." कंपनीने असं काही म्हटलंच नव्हतं! बायकोशी खोटं बोललो.

आखातात येऊन सव्वीस वर्षं झाली. वर्षातून एक महिना गावी बाणकोटला. पहिला आठवडा पाहुण्यासारखी सरबराई. दुसऱ्यापासून मी कुठेही बसलो तरी कुणाच्या तरी वाटेत. माझ्याच घरात साखरेचा डबा कुठे ते विचारावं लागतं. मागच्या खेपेला हुस्ना गाणं गुणगुणत मासे साफ करत होती. मी आत आलो आणि ती गप्प झाली. रागावली नव्हती. सवयच नाही तिला मी असण्याची.

तिथे जाऊन मी करणार काय?

१८ एप्रिल, शुक्रवार

बैठक झाली. दगड बसला! हालत नाही. शहजादनेसुद्धा वाकून बघितलं. "डोंगर आहे की हो खरंच!"

हुस्नाचा व्हिडिओ कॉल आला. माझ्यामागे दगड दिसला.

"ते काय ठेवलंय?"

आता हसेल म्हणून चाचरतच सांगितलं. म्हणाली, "बाणकोटात दगडांना काय तोटा?" मग म्हणाली, "जवळ आणा बघू."

मोबाइल जवळ नेला. ती बघत राहिली. मोरितासान बघायचा तशी—घाई नाही.

"आडवा करा. तसा नाही, दुसऱ्या कुशीवर. जरा माझ्याकडे फिरवा. बास!"

"काय झालं?"

"अहो, डोंगर कुठला? होडी आहे ती. पावसाच्या आधी वर ओढून ठेवतात तशी. पुढे वर आलेली नाळ बघा की!"

बघितलं. होडीच होती. दोन आठवडे मी तिच्यात डोंगर बघत होतो.

१९ एप्रिल, शनिवार

जुनी बैठक आता उपयोगाची नाही. नवीन लाकूड आणलं.

कोरताना डोक्यात तेच. मी खर्च, दुखणी, लग्नकार्यं विचारत आलो. तिला काय दिसतं, काय आवडतं, कधी विचारलं? आठवत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

फोन मी केला, आठवड्याच्या फोनचा दिवस नसताना. घाबरलीच. "काय झालं? तब्येत?" म्हटलं, काही नाही, होडीची बैठक उथळ ठेवू की खोल?

"उथळ. वाळूत रुतल्यासारखी दिसू दे."

एवढंच विचारायचं होतं. तरी फोन ठेवला नाही. तिच्या मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तीन मोजल्या.

३० एप्रिल, बुधवार

मंजूर! पत्र आलं—३१ मे २०२६पर्यंत, रविवारी सही करायची. मीच मागितलेलं, मग आनंद का नाही? शहजाद म्हणाला, "नशीबवान आहात." बसमध्ये सगळ्या वाटेत पत्र हातातच होतं, घडी घालायचं भान नव्हतं.

हुस्नाला अजून कळवलं नाही.

४ मे, रविवार

सही केली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये उभा राहून हुस्नाला फोन केला आणि सगळं सांगितलं. अर्ज मीच केला होता, कंपनीने नाही. घरी यायची भीती वाटते म्हणून.

तिने सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मलाही वाटते हो. पण या."