सगळ्याजणी धोंडुबाई

कोल्हापूर,
जानेवारी २००५

प्रिय सुगरा,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. नईम घरात असेल तर स्वयंपाकघरात जा, तुझा लेक तिकडे फिरकत नाही हे मला माहीत आहे. घाबरू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. तुला एक विचारायचं आहे, आणि ते पोरासुनांसमोर विचारण्यासारखं नाही.

हे गेले त्याला आता वर्ष होईल. तू मातीला आलीस तेव्हा आपलं धड बोलणं झालं नाही. सासऱ्यांची समाधी धरणाच्या पाण्याखाली गेली. ह्यांना इथे, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीच्या बांधाला ठेवलं. पूर्वी हे सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे आणि दर ओळीला संपादकाशी भांडायचे. आता मी मोठ्यानं वाचते. मला भांडता येत नाही, म्हणून पेपर लवकर संपतो. रडू फारसं येत नाही. दिवस मात्र लांबतो.

महिन्यापूर्वी शांभवी नावाची एक मुलगी आली. इथल्या कॉलेजात शिकवते. धरणग्रस्तांच्या लढ्यातली माणसं एकेक करून चालली, त्यांच्या आठवणी राहिल्या पाहिजेत म्हणून टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडते. नेसरीला गेली, आजऱ्याला गेली, त्याचं पुस्तक करणार आहे. मला आवडली. प्रश्न विचारते आणि मग गप्प बसते. पहिल्या दिवशी तिनं ह्यांच्याबद्दलच विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, आता तुमचं सांगा." मग भाकरीचं सांगितलं. आपण दोघी घरोघर फिरून भाकरी गोळा करायचो, एका धडप्यात लिंगायताच्या, मुसलमानाच्या, महारवाड्यातल्या भाकरी एकत्र बांधायचो, आणि धोंडुबाई ते गाठोडं मांडीवर घेऊन बसायची, कुणी ज्यादा घेऊ नये म्हणून. धरणाच्या भिंतीवर पहिली जाऊन बसली ती तीच. म्हातारी, एकटी, तोंडानं फटकळ. साहेब आला की म्हणायची, "पावणं, बसा की. उठवायला आलायसा व्हय? मग आधी बसा तरी." लढा चालू असतानाच ती गेली, झोपेत.

ती गेल्यानंतर आपल्याला पकडलं. पुरुषांचा ट्रक वेगळा, आपला वेगळा. चौकीच्या आवारात रांग लावली आणि हवालदार नावं लिहायला बसला. तू सगळ्यात पुढं होतीस. घरात तू सांगितलं होतंस की हातकणंगल्याला बहिणीच्या बाळंतपणाला चाललेय. नाव पेपरात आलं असतं तर सासूनं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. तू माझा हात सोडायला तयार नव्हतीस. हवालदारानं विचारलं, "नाव?" आणि तू म्हणालीस, "धोंडुबाई."

मी मागं होते. मला एवढंच कळलं की तुला एकटं पाडायचं नाही. मीही म्हणाले, "धोंडुबाई." माझ्यामागून सगळ्याजणी तेच म्हणत गेल्या. हवालदारानं पेन आपटलं. "तुमच्या गावात दुसरं नाव न्हाय व्हय?" तेव्हा मागून कृष्णातची आई ओरडली, "काय करायचं साहेब, सगळ्यांच्या बारशाला एकच आत्या आलती!" त्या हसण्याचा आवाज मला अजून येतो. एकाच नावाच्या एवढ्या बायका कोर्टापुढं उभ्या करून हसं करून घ्यायला कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. पेपरात छापून आलं, आणि तोवर ज्यांनी आपल्याकडं ढुंकून पाहिलं नव्हतं तेही धरणावर आले. परत येताना ट्रकमध्ये तू माझ्या कानात म्हणालीस, "आक्का, मेलेल्या बाईला सासू नसती की गं." मग मला शपथ घातलीस. कुणाला सांगायचं नाही. ह्यांनासुद्धा नाही.

मी सांगितलं नाही. पण तुझा आवाज मागं पोचलाच नव्हता, ते नाव माझ्यापासून सुरू झालं असंच मागच्यांना वाटलं. मी शिवशरणची बायको, म्हणजे डोकं शिवशरणचं. हे प्रत्येक सभेत म्हणायचे, "माझं न्हाय हो ते, बायकांचं हाय." लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटायचा, आणि टाळ्या आणखी जोरात पडायच्या. घरी येऊन विचारायचे, "खरं सांग, कुणाची शक्कल?" मी भांडी आवरायला लागायचे. शोकसभेत चौघांनी तेच सांगितलं, शिवशरण आण्णांची युक्ती म्हणून. मी पुढच्या रांगेत बसून ऐकलं. आता शांभवीच्या पुस्तकात तेच छापायचं आहे.

परवा मी तिला सांगितलं की ते खोडून टाक. ही शक्कल ह्यांची नव्हे, एका बाईची. तिनं विचारलं, "कुणाची?" म्हटलं, विचारून सांगते. हे पत्र त्यासाठी. तुझी सासू आता नाही, तुझे मालक गौसभाईही नाहीत. पण नसरीनच्या सोयरिकीचं चाललंय, आणि आजी चौकीत जाऊन आलेली निघाली तर पाहुणे काय म्हणतील, हे माझ्याही मनात येतं. तू "नको" म्हणालीस तर पुस्तकात "एक बाई" एवढंच राहील. ह्यांचं नाव मात्र तिथे परत येणार नाही, ते त्यांनाही नको होतं. "हो" म्हणालीस तर तुझं पूर्ण नाव मी शांभवीला माझ्या हातानं लिहून देईन. शपथ तुझी आहे, ती तूच सोडव. आणि नको म्हणताना मनात ओशाळू नकोस. त्या दिवशी तू घाबरली होतीस म्हणून आपण सगळ्याजणी सुटलो. तुझ्या भीतीला मी कधीच कमी लेखणार नाही.

तुझीच,
महादेवी आक्का