लाजेपायी झालेला विलंब

प्रति,
मा. पीठासीन न्यायाधीश,
जिल्हा न्यायालय, जोंजू.

विषय : दाव्यास झालेला विलंब माफ होणेबाबत व दाव्यातील एक वाक्य वगळणेबाबत.
संदर्भ : जपानमधील विमाने बनवणाऱ्या कंपनीविरुद्धचा माझा भरपाईचा दावा.

महोदय,

१. मी वादी प्योन ओक-रे, वय वर्षे एकोणनव्वद. युद्धकाळात, आपल्या देशावर जपानचे राज्य असताना, आमच्या शाळेच्या जपानी मुख्याध्यापकांनी पुढे शिकायला मिळेल असे सांगून मला जपानला धाडले. तेथे शाळा नव्हती. कारखान्यात विमानाचे पत्रे रंगवण्याचे काम सक्तीने करवून घेतले. मजुरी दिली नाही, पोटभर अन्नही दिले नाही.

२. कंपनीच्या वकिलांनी मागील तारखेस विचारले, "आजीबाई इतकी वर्षं गप्प का होत्या?" त्याचे उत्तर येथे लिहून देत आहे.

३. जपानहून परतलेली मुलगी म्हणजे सैनिकांच्या वासनेसाठी छावणीत ठेवलेली, असेच आमच्याकडे लोक धरून चालत. म्हणून लग्नाच्या वेळी मी काही बोलले नाही. पुढे बाजारात कोणीतरी माझ्या यजमानांच्या कानावर घातले. त्यांनी एवढेच विचारले, "जपानात होतीस?" मी हो म्हटले. 'कारखान्यात' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत ते उठून गेले होते. काही दिवस वेगळे निजले, मग घरच सोडले. दावा लावला असता तर गावभर झाले असते. विलंबाचे कारण हेच.

४. माझ्या वकिलांनी चांगल्या हेतूने दाव्यात लिहिले आहे : "वादी त्या स्त्रियांपैकी नाही, तिचे चारित्र्य निष्कलंक आहे." ते ऐकून मला बरे वाटले होते. त्याच तारखेस बाहेरच्या बाकावर ग्वोन बुन-इ नावाच्या बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांचा दावा निराळा. संत्रे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "खा गं. तू कुठं होतीस?" मी घाईघाईने म्हटले, "कारखान्यात. फक्त कारखान्यात."

"सुटलीस बाई," त्या म्हणाल्या. "मी छावणीत होते."

ज्या नजरेने माझा संसार मोडला, तीच नजर मी त्यांच्यावर टाकली होती, आणि त्यांना ती कळली होती.

५. तरी विलंब माफ व्हावा, ही विनंती. तो माफ न झाल्यास माझी तक्रार नाही. परंतु वरील वाक्य दाव्यातून खोडावे. पुढील तारखेस दावा मोठ्याने वाचला जाईल, आणि त्या बाई माझ्या शेजारीच बसणार आहेत.

आपल्यापुढे मान खाली घालून,
प्योन ओक-रे
दि. १४ मार्च २०१९