विहिरीतले हार

पुसद, १२ नोव्हेंबर २००८

आदरणीय डोमाजी मामाजी यांना जावई संघर्षचा सविनय जय भीम.

मामीजीच्या गुडघ्याले उतार पडला असेल, तुमचा खोकला गेला असेल, फुटलेला चष्मा मात्र तुम्ही अजून तसाच ठेवला असेल. रुपाली, म्हणजे तुमची मुलगी, म्हणजे माझी बायको, जी मे महिन्यापासून तुमच्याकडे येऊन बसली आहे, तीही मजेत असेल असं धरून चालतो. मी मजेत नाही. मी भडकलो आहे. कायले भडकलो ते क्रमानं सांगतो, कारण मधात तोडलं की मले पुन्हा पहिल्यापासून सुरू करा लागते, हे तुमाले माहीत आहे.

रुपाली जातानी अट घालून गेली, की आधी समुपदेशनाले जा, मंग माझं येणं. कारण काय, तर तिच्या धाकट्या बहिणीच्या, प्रियंकाच्या लग्नात हार माझ्या पिशवीत होते अन् मी विहिरीत होतो. आता तुम्हीच सांगा, मामाजी. मंडपाच्या बाजूच्या वावरात मोटर गुरगुरून राह्यली, एक फेज गेलेला, थोड्या वेळात कॉइल जळणार, अन् त्याच विहिरीच्या पाण्यावर चारशे माणसांचा स्वयंपाक. मी मोटर वायंडिंगवाला माणूस, मी काय मंडपात टाळ्या वाजवत बसू? स्टार्टर बंद केला, दोरीले धरून खालच्या ओट्यावर उतरलो, टर्मिनलची ढिली वायर कसली. लागला पाऊण तास. (खांद्यावरची पिशवी काढाची राहून गेली, हे कबूल.) वर आलो तर नवरा-नवरी बिनहाराचे उभे, बौद्धाचार्य घड्याळाकडे पाहून राह्यले, अन् पाहुणे माझ्याकडे असे पाहत की जशी मीच मोटर जाळली! त्या विहिरीचं पाणी सगळे प्याले. आभार एकानंही मानले नाहीत.

तर समुपदेशन. दोन-तीन वर्षांपासून कापसापायी आपल्या जिल्ह्यात शेतकरी जीव देऊन राह्यले, ते तुमाले मी काय सांगू. त्यापायी समुपदेशक आले, ते चांगलंच झालं. पण त्यायचा फॉर्म एकच. संगीता राठोड मॅडमनं (इकडच्याच तांड्यावरच्या, शिकून आलेल्या, बोलायले लय गोड) पहिल्यांदा विचारलं, किती एकर? म्हणलं, एकही नाही. कापूस का सोयाबीन? म्हणलं, तांब्याची तार. मॅडमनं 'इतर'वर खूण केली. एवढे रकाने छापले, अन् मी 'इतर'.

मंग म्हणे, माझ्या डोळ्यात पाहून बोला. डोळ्यात पाह्यलं की मले बोलणं सुचत नाही, अन् बोलणं सुचलं की डोळे सापडत नाहीत. वर पंख्याचं बेअरिंग गेलेलं, कर्र कर्र कर्र. विचारलं, मनात काय चाललं आहे? मी खरं सांगतलं, बेअरिंग. तर म्हणे विषय टाळू नका! मंग विचारलं, दहापैकी दुःख किती? म्हणलं, शून्य कुठं धरायचं ते सांगा, मंग मोजतो. ते त्यायलेच माहीत नाही. मंग म्हणे, डोळे मिटा, तुम्ही नदीकाठी बसले आहात. म्हणलं, पूस का पैनगंगा? पुरातली का उन्हाळ्यातली? म्हणे कोणतीही. आता कोणत्याही नदीच्या काठी माणूस कसा बसेल, मामाजी? घरी रोज भावना लिहायले वही दिली. मी इमानदारीनं लिहिलं: सोमवार १६०, मंगळवार १७५, बुधवारी लाइटच नाही. त्यायले वाटलं मी थट्टा करून राह्यलो. अरे, १६० व्होल्टेजवर दिवसभर दुकानात बसून पाहा, मंग सांगा ती भावना आहे का नाही!

सहाव्या खेपेले त्यायच्या फायलीत मी वाचलं: 'सहकार्य करत नाहीत'. (उलटं अक्षर मले वाचता येते, विहिरीत लटकून मोटरची पाटी उलटीच वाचा लागते.) टाळकंच सरकलं. दुकान बंद ठेवून सहा वेळा आलो ते काय फिरायले? दार आपटून निघालो. पिशवी आतच राहिली म्हणून परत गेलो, पिशवी घेतली अन् दार पुन्हा आपटलं. रात्रीच सतरा मुद्द्यांचं तक्रारपत्र लिहिलं, सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम ते पत्र घेऊन माझ्या दुकानात हजर. मले वाटलं भांडायले आल्या, मी तयारच होतो. तर म्हणाल्या, भाऊ, चूक माझी. त्यायनं नागपूरले आपल्या मोठ्या डॉक्टरायले विचारलं होतं. म्हणे मोठ्या माणसायचंही मन असं राहू शकते, एकतर जागेवर टिकत नाही, नाहीतर एका गोष्टीत रुतलं की निघत नाही. एडीएचडी, ऑटिझम अशी त्याची नावं. तुमाले कोणतं ते तपासल्याशिवाय सांगणार नाही, पण बोलायची रीत आजपासून बदलू. मी अजूनच भडकलो. एकोणचाळीस वर्षं लोकायनं मले अर्धवट म्हणलं, मास्तरनं वर्गाबाहेर उभं केलं, अन् असं काही असते तर कोणी काहून नाही सांगतलं? मॅडमनं माझ्याच कागदावर तो अठरावा मुद्दा म्हणून लिहून घेतला.

तवापासून दर गुरुवारी, चार ते चार चाळीस, दुकानात. प्रश्न एकच, तोही आदल्या दिवशी चिठ्ठीवर. नदी नाही, दहापैकी नाही. मॅडम समोर बसत नाहीत, बाजूच्या खुर्चीवर तारेचं रीळ धरून बसतात, मी मशीन फिरवतो. माझे हात चालले की तोंड चालते. तीन गुरुवारात मी जे बोललो ते लग्नाच्या अकरा वर्षांत बोललो नव्हतो.

पण मागच्या गुरुवारची चिठ्ठी! 'रुपालीताई नसल्यापासून घरात कोणता आवाज येत नाही?' मी सांगायले लागलो. मी कामात असलो की तिची हाक मले ऐकू येत नाही, म्हणून ती ओट्यावर पळी वाजवते, दोनदा, टण टण, अन् मी जेवायले उठतो. एवढं सांगतलं, कॉइलचे छप्पन्न टर्न, म्हणजे तारेचे वेढे, झाले होते, अन् पुढं आकडाच आठवेना. वीस वर्षांत माझी मोजणी चुकली नाही, मामाजी! सगळं कॉइल उसवा लागलं. मॅडम तिकडं तोंड करून बसल्या, मी इकडं. मले लय राग आला. अजून आहे.

बाकी सर्व ठीक. मामीजीले जय भीम सांगावा.

आपला जावई,
संघर्ष

ता. क. माझा टेस्टर तुमच्याकडे राह्यला आहे, तो पाठवावा. त्यासाठीच हे पत्र लिहिलं.

ता. क. दुसरा. लग्नाच्या दिवशी तुम्ही सर्वायले सांगतलं की जावयाले शोधायले गेलतो. पाऊण तास विहिरीवर दोरी धरून 'अजून एक आटा कस' म्हणत कोण उभं होतं, हे मी सहा महिने कोणाले सांगतलं नाही. मॅडमलेही नाही.

ता. क. तिसरा. चष्मा फुटल्यापासून तुमची पत्रं कोण वाचून दाखवते ते मले माहीत आहे. म्हणून रुपाली, तुझ्या बाबाकडे मंग पाह्य, आधी हे वाच. गुरुवारी चार वाजता ये. बाजूची खुर्ची रिकामी ठेवायले मॅडमले सांगतलं आहे. समोर बसून मले जमणार नाही. रीळ धरशील तर सांगतो. पळी ओट्यावर तू ठेवली तिथंच आहे, मी हात लावला नाही.